महागडं घड्याळ घेताना: कोणतं घ्यावं आणि विकताना किती येईल

दिवाळीनंतर अंबिया बहाराच्या संत्र्याचा पैसा हातात आला, की आमच्या वरुडच्या बाजारात एक प्रश्न दरवर्षी येतो. मागच्या वर्षी जवळच्या गावचे एक बागायतदार लेकाला घेऊन दुकानात आले. पोराचं लग्न ठरलेलं. मोबाइलमध्ये तीन घड्याळांचे फोटो: रोलेक्स, ओमेगा आणि टॅग ह्यूअर. "भाऊ, याच्यातलं कोनतं घेऊ? अन् उद्या इकाचं काम पडलं, त पैसे किती वापस भेटतीन?"

वडिलांपासून आमचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. दिवसभर हाताखालून जातात ती सोनाटा, टायटन आणि जुनी एचएमटी. महागडं घड्याळ महिन्याला एखादं येतं, तेही बहुतेक चेनची कडी काढायला किंवा काहीतरी बिघडल्यावर. बिघडलेलं घड्याळ समोर ठेवून माणूस बसतो, तेव्हा घेण्याआधी विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं मला दरवेळी वाटतं. म्हणून त्या बापलेकांना दोन तास बसवून जे सांगितलं, तेच इथे लिहितो.

आधी ठरवा: हे घड्याळ कधी विकायचं आहे का?

घड्याळाची कंपनी, रंग, आकार, सगळं नंतर. लग्नाची खूण म्हणून घेताय आणि पुढे नातवाला द्यायचंय, तर विकण्याचा भाव मनातून काढून टाका. मग त्याच पैशात जास्त चांगलं मशीन मिळतं. आठ-दहा वर्षांनी विकून दुसरं घ्यायचा विचार असेल, तर निवड वेगळी होते.

पण अडीनडीला कामी येईल म्हणून घेत असाल, तर घेऊ नका. जूनमध्ये पेरणी तोंडावर आली आणि बियाण्या-खताला पैसे कमी पडले, तर सोन्याची पाटली घेऊन बँकेत गेलात की त्याच दिवशी कर्ज मिळतं. घड्याळावर आपल्याकडची बँक कर्ज देत नाही. सराफ घड्याळ काट्यावर ठेवून भाव सांगत नाही, आणि सांगितलाच तर फक्त त्यातल्या सोन्याचा सांगतो. १८ कॅरेट म्हणजे शेकडा ७५ भाग सोनं. बाकी मशीन, नाव आणि कारागिरी याचे तो एक रुपयाही धरत नाही, कारण ते त्याला विकता येत नाही. घड्याळाचं गिऱ्हाईक मुंबई, पुण्यात, फार तर नागपुरात. तिथवर पोचून, तपासणी होऊन, पैसे खात्यात यायला काही आठवडे लागतात. घाईने विकणाऱ्याचा भाव पडतो, हे कापूस विकणाऱ्याला सांगायला नको.

माझं सगळं म्हणणं यातूनच निघतं. बाजारापासून आपण जितके लांब, तितकं आपलं घड्याळ ओळखीचं हवं. मुंबईत राहणारा शौकीन एखादं दुर्मिळ, जगावेगळं घड्याळ घेऊ शकतो, कारण त्याला तसंच दुसरं शौकीन गिऱ्हाईक ओळखीत सापडतं. आपलं घड्याळ घेणारा माणूस आपल्याला ओळखत नाही आणि आपल्या गावाचं नावही त्याने ऐकलेलं नसतं. तो घड्याळ पाहील आणि कागद पाहील, तिसरं काही नाही. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस खरेदीच्या, केंद्रावर जसा कापसाचा ओलावा मोजतात, ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यावर कपात आणि १२ च्या पुढे गाडी परत, तसाच हा हिशेब आहे. तिथे ओलावा, इथे कागद.

मग मनगट कुठे फिरतं ते पाहा

घड्याळाच्या माहितीपत्रकात वीस गोष्टी लिहिलेल्या असतात. आपल्या कामाच्या चार-पाच.

पहिली पाण्याची. ३० मीटर लिहिलं म्हणजे ते घालून ३० मीटर खोल जाता येतं, असा समज मी रोज खोडतो. ३० मीटरचं घड्याळ हात धुताना उडणाऱ्या शिंतोड्यांपुरतं. ५० मीटरचं पावसात चालेल. विहिरीत, शेततळ्यात पोहायचं असेल तर १०० मीटर आणि चावी, म्हणजे बाजूची घुंडी, आट्यांची, फिरवून घट्ट बसणारी हवी. रोलेक्सच्या ऑयस्टर घड्याळांना १०० मीटर असतंच, सबमरिनरला ३००. ओमेगाचं सीमास्टर डायव्हर ३०० मीटरचं, ट्यूडरचं ब्लॅक बे ५८ हे २०० मीटरचं.

पण आटे घट्ट बसवले तरच. तीन वर्षांपूर्वी एक अस्सल स्विस डायव्हिंग घड्याळ माझ्याकडे आलं होतं. काचेच्या आतून धुकं. मालकाने सकाळी वेळ मिळवली, चावी आत ढकलली, आटे फिरवायचे राहिले आणि तसाच विहिरीत उतरला. मागचं झाकण उघडून भिंग लावलं, तर चावीच्या दांडीपासून तांबूस रेघ निघून खालच्या चाकांपर्यंत गेलेली. दोन स्क्रूंची डोकी गंजून फुगलेली. रबराची रिंग अगदी चांगली होती, घड्याळाचा काहीच दोष नव्हता. मी ते पुन्हा बंद करून, फळीवर न ठेवता, त्याच दिवशी कंपनीच्या सेंटरला न्यायला सांगितलं. अशा घड्याळाला गंज एक रात्र थांबत नाही.

दुसरी गोष्ट उन्हाची. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो. घामाने चामड्याचा पट्टा एका उन्हाळ्यात कडक होतो, वास मारतो. शेतावर जाणाऱ्याने स्टीलची चेन किंवा रबरी पट्टा घ्यावा, चामड्याचा पट्टा लग्नकार्यापुरता ठेवावा. चेन घ्या म्हणण्याचं दुसरंही कारण आहे: नंतर चेन वेगळी घ्यायला गेलं की फार महाग पडते आणि विकताना मूळ चेन असलेल्या घड्याळाला मागणी जास्त असते. फवारणीला जाताना मात्र कोणतंच घड्याळ घालू नका. औषध कड्यांच्या सांध्यात बसतं आणि दिवसभर कातडीला लागून राहतं.

तिसरी काच. या किमतीत नीलमणी काच, म्हणजे सफायर, असलीच पाहिजे. कठीणपणाच्या मापावर हिरा १०, सफायर ९ आणि वाळूतला क्वार्ट्झ ७. म्हणून शेतातल्या मातीने तिच्यावर ओरखडा येत नाही. ट्रॅक्टरच्या लोखंडावर कडेने आदळली तर मात्र तडकते, आणि तिचे बारीक कण मशीनमध्ये पडतात. तसं झालं तर घड्याळ हलवू नका, चावी बाहेर ओढून काटे थांबवा आणि तसंच घेऊन या.

चौथी चुंबकाची, आणि हिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. मोबाइलचं चुंबकी कव्हर, स्पीकर, पंपाची मोटर यांच्याजवळ रोज ठेवलेलं ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीने चावी भरणारं, घड्याळ एकाएकी दिवसाला काही मिनिटं पुढे पळू लागतं. आतली केसासारखी स्प्रिंग चुंबकाने चिकटते, तिची लांबी जणू कमी होते आणि चाक वेगात फिरतं. माझ्याकडच्या छोट्या यंत्राने ते एका मिनिटात निघतं, त्यासाठी सर्व्हिसिंगचे पैसे देऊ नका. या बाबतीत ओमेगाची मास्टर क्रोनोमीटर घड्याळं सगळ्यांत पुढे आहेत, १५,००० गॉसपर्यंत (गॉस हे चुंबकाच्या जोराचं माप) टिकतात.

मशीनचं

सेलचं क्वार्ट्झ घड्याळ सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरणाऱ्या स्फटिकावर चालतं, ऑटोमॅटिक बहुधा सेकंदाला ८ ठोके देतं. त्यामुळे वेळेच्या अचूकपणात ५ हजारांचं क्वार्ट्झ ५ लाखांच्या ऑटोमॅटिकला हरवतं. हे आधीच कळलं म्हणजे नंतर वाईट वाटत नाही. रोलेक्स दिवसाला उणे २ ते अधिक २ सेकंद हमी देते. ओमेगाची मास्टर क्रोनोमीटर ० ते अधिक ५ सेकंद. साधं स्विस क्रोनोमीटर प्रमाणपत्र उणे ४ ते अधिक ६ चं असतं. ग्रँड सेकोचं स्प्रिंग ड्राइव्ह, जे तंत्र सेकोने १९९९ मध्ये आणलं, चावीवर चालतं पण त्याला क्वार्ट्झचा लगाम आहे. त्याची हमी दिवसाला अधिक-उणे १ सेकंद. त्याचा सेकंदकाटा टिकटिक न करता सरकतो. एकदा हातात धरून पाहिला होता, बराच वेळ नजर हलली नाही.

पूर्ण चावीवर किती तास चालतं, हेही विचारा. रोलेक्स आणि ट्यूडरची आजची मशीनं साधारण ७० तास, टिसोचं पॉवरमॅटिक ८० नावाप्रमाणे ८० तास. शुक्रवारी रात्री काढून ठेवलं तर सोमवारी सकाळीही चालू सापडतं.

क्रोनोग्राफ, म्हणजे दोन बटणं आणि लहान तबकड्या असलेलं, दिसायला भारी. १९५७ चं ओमेगा स्पीडमास्टर १९६९ मध्ये चंद्रावर गेलं, त्याचा मान वेगळाच. पण आतले भाग जास्त, म्हणून सर्व्हिसिंग महाग. बटणं कधीच वापरणार नसाल, तर तीन काट्यांचं साधं घड्याळ घ्या. दोन देशांची वेळ दाखवणारं जीएमटी मात्र लेक दुबईला किंवा अमेरिकेला असलेल्यांना खरंच उपयोगी पडतं.

मशीन निवडताना आणखी एक बघायचं: सुटे भाग आणि अंतर. एचएमटीचा कारखाना १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीने सुरू झाला, २०१६ मध्ये सरकारने घड्याळाचं काम बंद करायचं ठरवलं. आज 'जनता'चं एखादं चाक हवं असलं तर मला दुसरी बंद 'जनता' फोडावी लागते. मोठ्या स्विस कंपन्यांचे भाग मिळतात, पण ते कंपनीच्याच सेंटरला, माझ्यासारख्याला नाही. म्हणजे मशीन उघडायचं काम निघालं की घड्याळ मोठ्या शहरात जाणार, महिना-दोन महिने राहणार. रोलेक्स साधारण १० वर्षांनी सर्व्हिसिंग सुचवते, ओमेगा ५ ते ८. घेण्याआधी दुकानदाराला विचारा: सेंटर कुठे आहे, साध्या सर्व्हिसिंगला आज किती घेतात? जो सांगायला टाळतो, त्याच्याकडून घेऊ नका.

कोणतं नाव विकताना उभं राहतं

आता बागायतदारांचा खरा प्रश्न. वर सांगितलेल्या गुणांचा आणि विकताना मिळणाऱ्या भावाचा फारसा संबंध नसतो, हे ऐकून ते गप्प झाले होते. ओमेगा चुंबकाला जास्त टिकतं, ग्रँड सेको जास्त अचूक चालतं, तरी जुन्या बाजारात रोलेक्सच वर असतं. कारण नावाची ओळख, गरजेपेक्षा कमी माल बाजारात सोडणं आणि घड्याळाचं रूप न बदलणं. १९४५ चं डेटजस्ट आणि १९५३ चं सबमरिनर आजच्या घड्याळाशेजारी ठेवलं तर पोरगं बापावर गेलेलं दिसतं. म्हणून दहा वर्षांचं जुनं रोलेक्स जुनाट वाटत नाही. त्यातही स्टीलची सबमरिनर, जीएमटी-मास्टर, डेटोना ही सगळ्यांत आधी विकली जातात. ती दुकानात सहसा मिळत नाहीत, नाव नोंदवून थांबावं लागतं. ऑयस्टर परपेच्युअल, एक्सप्लोरर आणि साधं डेटजस्ट आपल्यासारख्यांना जास्त शहाणपणाचं.

ट्यूडर ही रोलेक्सचीच बहीण, त्याच हान्स विल्सडोर्फ यांनी काढलेली. भाव रोलेक्सइतका टिकत नाही, पण ब्लॅक बे ५८ ला मागणी बरी आहे आणि शेतीवाडीच्या मनगटाला ते मला सगळ्यांत योग्य वाटतं: दणकट, साधं, ३९ मिलिमीटरचं, ७० तासांचं मशीन.

ओमेगा नवं घेतलं तर पहिल्याच विक्रीत चांगलंच उतरतं, कारण नव्यावर दुकानात सूट मिळते हे गिऱ्हाइकाला माहीत असतं. याच कारणाने ते जुनं घ्यायला उत्तम: पहिला तोटा दुसऱ्याने सोसलेला असतो. ग्रँड सेकोची कारागिरी मी या किमतीत सर्वोत्तम मानतो, तरी आपल्या देशात त्याचं जुनं गिऱ्हाईक कमी, म्हणून ते ठेवायला घ्यावं. कार्टियेचं टँक १९१७ चं आणि सांतोस १९०४ चं, दोन्ही रूपं जगभर ओळखीची, भाव बरा राहतो. टॅग ह्यूअर, लाँजिन, टिसो ही घालायला घ्या, आनंदाने घाला, विकण्याचा विचार सोडा. पाटेक फिलिप आणि ऑडेमार पिगे यांची घड्याळं घेणाऱ्याने माझा नव्हे, मुंबईच्या जाणकाराचा सल्ला घ्यावा.

हिरे जडवलेली घड्याळं टाळा. कंपनीने जडवलेले असले तरी गिऱ्हाईक मोजकं. बाहेरून कोणी नंतर जडवले असतील, तर घड्याळाचा मूळ भावही जातो आणि कंपनीचं सेंटर ते हातात घ्यायला नकार देऊ शकतं. लग्नात वधूला लहान सोन्याचं क्वार्ट्झ घड्याळ द्यायची हौस असते. हौसेने द्या, पण तेवढ्याच पैशाचा दागिना तिला अडचणीत जास्त उपयोगी पडेल, हे तिच्यासमोर बोलून ठरवा.

भाव चढतोच असंही धरू नका. २०२१ मध्ये जुन्या घड्याळांचे भाव आभाळाला लागले होते, २०२२ च्या सुरुवातीनंतर ते घसरले. त्या वर्षी चढ्या भावाने घेतलेल्यांना रोलेक्समध्येही तोटा झाला. आता आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागेल. स्वित्झर्लंडसह चार देशांशी भारताचा व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला, आणि त्यात स्विस घड्याळांवरची २० टक्के आयात ड्युटी सात वर्षांत टप्प्याटप्प्याने शून्यावर यायची आहे. नवं घड्याळ त्यामुळे स्वस्त झालं, तर जुन्याचाही भाव त्याच्यामागे खाली येईल. आज घेऊन पाच वर्षांनी विकणाऱ्याने हा धोका हिशेबात धरावा.

कागदावर हिशेब मांडा

मी त्या पोराला वही दिली आणि तीन ओळी लिहायला लावल्या. आकडे समजायला धरलेले आहेत, तुम्ही त्या दिवशीचे खरे आकडे घाला.

पहिलं घड्याळ: नवं ८ लाखांना घेतलं, सहा वर्षांनी ६ लाख ८० हजारांना गेलं. तोटा १ लाख २० हजार.

दुसरं: नवं ५ लाखांना, सहा वर्षांनी २ लाख ७५ हजार. तोटा २ लाख २५ हजार.

तिसरं: हेच दुसरं घड्याळ, पण जुनं, कागदांसकट, ३ लाख २५ हजारांना घेतलं. एकदा सर्व्हिसिंगचे ५० हजार, विकून आले अडीच लाख. तोटा १ लाख २५ हजार.

इथवर पहिलं आणि तिसरं जवळजवळ बरोबरीत. मग व्याज धरायला सांगितलं. ८ लाख बँकेत ७ टक्क्यांनी ठेवले असते तर सरळव्याजानेच वर्षाला ५६ हजार, सहा वर्षांचे ३ लाख ३६ हजार. ३ लाख २५ हजारांचे सहा वर्षांचे १ लाख ३६ हजार ५००. आता पहिलं घड्याळ पडलं ४ लाख ५६ हजारांना आणि तिसरं २ लाख ६१ हजार ५०० ला. बागायतदार बराच वेळ वहीकडे पाहत राहिले. "म्हंजे भाव टिकला तरी फुकट नाही पडत," एवढंच बोलले. भाव टिकणारं घड्याळ महाग असतं आणि महाग घड्याळात पैसा अडकून बसतो. ठिबकचं काम रखडलेलं असेल किंवा सोसायटीचं कर्ज थकलेलं असेल, तर हा पैसा तिकडेच जायला हवा. हे मी गिऱ्हाइकाला तोंडावर सांगतो.

विकण्याचा भाव धरताना आणखी एक चूक होते. इंटरनेटवर दिसतो तो मागितलेला भाव, मिळालेला नव्हे. एखाद्या व्यापाऱ्याला फोन करा आणि सांगा, "माझ्याकडे हे मॉडेल आहे, बॉक्स-पेपर सगळं आहे, आज रोख घ्याल का, कितीला?" तो जो आकडा सांगेल तो खरा. तीन ठिकाणी विचारा आणि सगळ्यांत कमी आकडा धरा.

घेण्याचा दिवस

नवं घ्यायचं तर अधिकृत विक्रेत्याकडेच. कंपनीच्या वेबसाइटवर विक्रेत्यांची यादी असते, तीत नाव नसेल तर दुकान कितीही झकपक असो, तो अधिकृत नाही. वरुडहून नागपूर शंभरेक किलोमीटर. मुंबईला जायचं तर बडनेऱ्याहून विदर्भ एक्स्प्रेस आहे. एक दिवस मोडला तरी स्वतः जा, हातात घालून पहा. फोटोत छान दिसणारं ४२ मिलिमीटरचं घड्याळ बारीक मनगटावर ताटलीसारखं दिसतं.

पैसे बँकेतूनच द्या. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीत स्वीकारायला कायद्याने बंदी आहे आणि दंड घेणाऱ्याला, तोही तेवढ्याच रकमेचा. उद्या तुम्ही ते घड्याळ तीन लाख रोख घेऊन विकलं, तर घेणारे तुम्ही असाल, हे लक्षात असू द्या. दोन लाखांवर पॅन लागतं. २२ एप्रिल २०२५ पासून १० लाखांवरच्या घड्याळावर दुकानदार किमतीवर १ टक्का टीसीएस, म्हणजे विकतानाच वसूल होणारा आयकर, घेतो. तो तुमच्या आयकरात जमा होतो, पण फक्त शेतीचं उत्पन्न म्हणून विवरणपत्र न भरणाऱ्याला तो परत मिळवायचा तर विवरणपत्र भरावंच लागेल.

कोणी दुबईहून आणून देतो म्हणाला, तर विमानतळावर ड्युटी भरल्याची पावती मागा. ती नसेल तर पुढचं गिऱ्हाईक भाव पाडतं किंवा हात लावत नाही.

जुनं घेताना

आमच्या भागातला एक तरुण मोबाइलवर ओळख झालेल्या माणसाकडून अडीच लाखांना "सेकंडहँड सबमरिनर" घेऊन आला होता. काम फक्त एक कडी काढायचं. मी घड्याळ उलटं केलं आणि हात थांबला. मागचं झाकण काचेचं होतं, आतलं मशीन दिसत होतं. सबमरिनरला कंपनीने काचेचं झाकण दिलेलं नाही. तारखेवरचं भिंग पाहिलं, आकडा जेमतेम मोठा दिसत होता. अस्सलमध्ये तो अडीच पट होऊन खिडकी भरून टाकतो. फर्स्ट कॉपी होती. त्या पोराने दोन वर्षं पगारातून पैसे साठवले होते. त्याला ते सांगायला मला जड गेलं, आणि विकणाऱ्याचा फोन तोवर बंद झालेला होता.

प्रत्येक फर्स्ट कॉपी इतक्या सहज ओळखू येत नाही. आता अशा नकला येतात, ज्या माझ्यासारख्यालाही झाकण उघडल्याशिवाय कळत नाहीत. म्हणून क्रम असा ठेवा. घड्याळावरचा सिरियल नंबर आणि वॉरंटी कार्डावरचा नंबर एकेक अंक जुळवा. आजच्या रोलेक्सवर तो काचेखालच्या आतल्या कड्यावर, सहाच्या आकड्याजवळ असतो. कार्डावर विक्रीची तारीख आणि विक्रेत्याचं नाव आहे का पाहा. विकणाऱ्याचं आधार आणि पहिलं बिल मागा. सर्व्हिसिंग झालेलं असेल तर कंपनीच्या सेंटरचं कार्ड. मग त्याला म्हणा, आपण दोघं मिळून कंपनीच्या सेंटरला जाऊ, तपासणीचे पैसे मी देतो. खरा माणूस तयार होतो. घाई करणारा, रेल्वे स्टेशनवर भेटू म्हणणारा, आज रात्रीच पैसे टाका म्हणणारा, तिथेच सोडून द्या.

घड्याळ अस्सल ठरलं, तर माझ्यासारख्या कोणाकडे टायमिंगच्या यंत्रावर ठेवून घ्या. पूर्ण चावी देऊन, तबकडी वर ठेवून पाहिलं तर चाकाचा झोका २७० ते ३१० अंशांच्या आसपास हवा. २२० च्या खाली असेल तर सर्व्हिसिंगचा खर्च किमतीतून कापून मागा. कडा बघा: फार पॉलिश केलेल्या घड्याळाच्या धारदार कडा गोल होतात, साबणाची वडी वापरून झिजते तशा. असं घड्याळ चमकतं जास्त आणि विकतं कमीला. तबकडी, काटे मूळचेच आहेत ना, हे विचारा. काढलेल्या कड्या परत मागा, त्या मागायला लोक हमखास विसरतात.

घरी आल्यावर

लहान ओरखडे पडू द्या, पॉलिश करू नका. रात्री ९ ते पहाटे ३ या वेळात तारीख बदलायची चावी फिरवू नका. बऱ्याच मशीनमध्ये तेव्हा तारखेचे दाते गुंतलेले असतात आणि तुटतात. दोन वर्षांनी एकदा पाण्याची चाचणी करून घ्या. लॉकरमध्ये ठेवलं आणि बंद पडलं तर घाबरू नका, चावी संपली एवढंच.

बॉक्स, कार्ड, बिल आणि कड्या एका पिशवीत ठेवा. कार्डाचा आणि सिरियल नंबरचा फोटो मोबाइलमध्ये, एक प्रत कागदावर. हा कागद सातबारा आणि बँकेची पासबुकं ठेवता त्याच फायलीत ठेवा, आणि ती फाइल कुठे आहे हे घरातल्या दोघांना तरी सांगा. वडील गेल्यावर त्यांचं घड्याळ घेऊन आलेली एक मुलगी माझ्या समोर बसली होती. घड्याळ अस्सल, उत्तम राखलेलं. कार्ड तिने तीन महिने शोधलं, सापडलं नाही. मुंबईच्या व्यापाऱ्याने कार्डाशिवाय जो आकडा सांगितला तो ऐकून तिने घड्याळ पर्समध्ये परत ठेवलं, आणि दोन दिवसांनी ते तिच्या धाकट्या भावाच्या मनगटावर दिसलं. मी त्याची चेन दोन कड्यांनी लहान करून दिली आणि त्या दोन कड्या एका छोट्या डबीत घालून तिच्याच हातात दिल्या.